रात्रीतून मान टाकणारी रोपं: टोमॅटो-मिरचीच्या ट्रेत काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

संध्याकाळी बघितलं तेव्हा रोपं दोन पानांवर ताठ उभी होती. सकाळी ट्रेच्या एका कोपऱ्यातली सात-आठ आडवी. पानं अजून हिरवी, पण कोकोपीटलगत, म्हणजे कपात भरलेल्या नारळाच्या काथ्याच्या भुशालगत, मान शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक आणि पाणचट झालेली. दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्याभोवती आणखी पंधरा. आमच्याकडे शेतकरी याला "रोपांनी मान टाकली" म्हणतात, पुस्तकात "रोप कोलमडणे" किंवा "मर" असं लिहिलेलं असतं. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या छोट्या नर्सरीत चौदा वर्षं टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपं करते आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फोटोंपैकी निम्मे तरी याच तक्रारीचे असतात. पूर्वी ते शेडनेटमधून यायचे. आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधूनही येतात, खिडकीत किंवा ट्यूबलाइटखाली ट्रे ठेवलेले.

पण "मर लागली" म्हणून आलेला प्रत्येक फोटो मरीचा नसतो. रोप पडलंय, पण मान जाड, पांढरट आणि बोटभर लांब आहे, तर तो उजेडाचा प्रश्न. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्यात आणि अख्ख्या ट्रेवर एकसारखं तेच दिसतंय, तर क्षार. नवीन पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या, तर बहुतेक वेळा जड पाणी. डिसेंबर-जानेवारीत टोमॅटोचं पान खालून जांभळं झालं तर थंडी: गारठ्यात मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, ऊन वाढलं की आपोआप निवळतं, त्यासाठी खत ओतू नका. मिरचीची पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी. आणि रोप आठ दिवस आहे तेवढंच राहिलं, वर काळ्या चिलटांसारख्या माश्या उडतायत, तर मुळं कुणीतरी खातंय.

यांतलं काय आहे ते कळायच्या आत बुरशीनाशक आणायला पळू नका. खाली दिलेल्या पहिल्या तीन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक ट्रे तिथेच सुटतात.

ट्रे उचलून बघा

बोट खुपसून ओल बघायची सवय कुंडीला ठीक आहे. १०४ कपांच्या ट्रेत कप इतका लहान असतो की वरचा थर कोरडा आणि तळ चिखल, असं सर्रास असतं. म्हणून ट्रे दोन्ही हातांनी उचला. पाणी दिल्यावर लगेच एकदा उचला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दोन-तीन दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. सकाळी ट्रे कालच्याइतकाच जड लागला तर आज पाणी नाही, मग वरून कोकोपीट कितीही फिकट दिसो.

हे आधी बघायचं कारण सोपं आहे. कोवळ्या रोपाची मान कुजवणाऱ्या बुरशींत पिथियम सगळ्यात पुढे, आणि तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. कप सतत भरलेला असेल तर त्यांना एका कपातून शेजारच्या कपात जायला वाट मिळते, आणि त्याच वेळी मुळांची हवा तुटते. शेतात आपण वाफसा आल्याशिवाय पाय घालत नाही. कपातही वाफसाच हवा: चिमूट कोकोपीट घेऊन दाबलं तर ओलं लागावं, पाण्याचा थेंब पडू नये.

ट्रे उलटा धरून तळाची भोकंही बघून घ्या. घरी केलेल्या ट्रेत, अंड्यांच्या खोक्यात किंवा चहाच्या कपांत भोक नसतं, किंवा असतं पण मुळांनी बुजलेलं. आणि ट्रे सपाट फरशीवर ठेवला असेल तर भोक असून उपयोग नाही, खाली दोन काठ्या किंवा विटा द्या.

पडलेली रोपं ट्रेत कुठे आहेत?

मला फोटो पाठवताना सगळे एका पडलेल्या रोपाचा जवळून काढलेला फोटो पाठवतात. मला हवा असतो अख्ख्या ट्रेचा, वरून काढलेला. कारण रोग आणि आपली चूक यांची नक्षी वेगळी असते.

बुरशी एका ठिकाणी सुरू होते आणि गोल पसरते. मध्ये पडलेली, भोवती वाकलेली, त्यापलीकडे ठणठणीत. असा डाग दिसला तर ते कप आत्ताच काढा, आणि कडेच्या दोन ओळी निरोगी दिसत असल्या तरी त्यांनाही सोबत जाऊ द्या. जीव होत नाही, माहीत आहे. मी पहिल्या वर्षी एका ट्रेतली वीस रोपं वाचवायला गेले आणि चार ट्रे घालवले.

फक्त कडेचे कप वाळले असतील तर ते पाणी कमी पडल्याचं लक्षण, कारण कडेला वारा लागतो आणि ते आधी सुकतात. खिडकीकडच्या बाजूचीच रोपं पडली तर काचेमागून येणारं दुपारचं ऊन. सगळा ट्रे एकाच रात्रीत एकसारखा बसला तर रोग बाजूला ठेवा आणि काल काय घातलं ते आठवा: खत, औषध, नवीन टाकीचं पाणी, फरशी पुसायच्या फिनेलची बादली. शेवटचं गमतीत लिहिलेलं नाही.

एक कप काढून मुळं बघा

आजारी आणि निरोगी यांच्या सीमेवरचं एक रोप घ्या. पूर्ण मेलेल्या रोपावर नंतर वाढलेल्या दहा बुरशी असतात, त्यावरून काही कळत नाही. कपाच्या तळातून काडीने ढकला, गड्डा अलगद वर येतो. मुळं पांढरी आणि गड्डा सगळीकडून धरलेला असेल तर मुळांची काळजी सोडा, गडबड वर आहे.

मुळं तपकिरी असतील तर एक मूळ दोन नखांत धरून हळूच ओढा. पिथियमने सडलेल्या मुळाची साल मोज्यासारखी सुटून नखात येते आणि आत केसासारखा पांढरा तंतू तेवढा शिल्लक राहतो. एकदा बघितलं की विसरत नाही. आता मानेकडे बघा. मऊ, पाणचट, बोटाने चिरडली जाणारी मान ही जास्त पाण्याची, पिथियमची. तपकिरी, कोरडी, आत ओढली गेलेली आणि तारेसारखी चिवट मान असेल तर रायझोक्टोनिया या दुसऱ्या बुरशीचा संशय घ्या. ती मातीतून, धुतल्याशिवाय वापरलेल्या ट्रेतून आणि नीट न कुजलेल्या शेणखतातून येते, आणि तिला इतकं पाणीही लागत नाही. हा फरक पुढे औषध निवडताना लागतो.

मुळं पांढरी पण तोकडी, टोकं खाल्ल्यासारखी, आणि कोकोपीटमध्ये काळ्या डोक्याच्या काचेसारख्या बारीक अळ्या दिसल्या तर त्या मघाच्या चिलटांच्या. ओला पृष्ठभाग आणि जास्त गांडूळखत त्यांना फार आवडतं. वरचा अर्धा सेंटिमीटर थर दोन दिवस सुकू द्या आणि रोपांच्या उंचीवर पिवळे चिकट सापळे लावा. आठवडाभरात फरक पडतो.

पाणी केव्हा आणि कसं

सकाळी नऊ-दहाच्या आत द्या. संध्याकाळी पानं आणि माना कोरड्या असायला हव्यात. नोकरी करणारी मंडळी घरी आल्यावर सात वाजता झारी घेतात आणि बुरशीला रात्रभर ओली अंथरुणं मिळतात. सकाळी घाई असेल तर परातीत दोन बोटं पाणी घ्या, ट्रे दहा-पंधरा मिनिटं त्यात बसवा, काढा, निथळू द्या. खालून पाणी ओढलं जातं, मान कोरडी राहते. ट्रे परातीत विसरून ऑफिसला जाऊ नका.

उगवणीच्या वेळचीही एक चूक सांगते. बी लावून पाणी दिलं की आम्ही ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतो, उबेने बी लवकर उगवतं. टोमॅटोला पाच-सहा दिवस, मिरचीला सात ते दहा. पहिले कोंब डोकावले की त्याच दिवशी झाकण काढायचं. घरी लोक "सगळी उगवू देत" म्हणून अजून तीन दिवस झाकून ठेवतात, आणि रोपं लांबतातही, मरतातही. कोंबाच्या डोक्यावर बियाची टोपी अडकली असेल तर बी फार वर पडलं होतं. पुढच्या वेळी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल लावा. आत्ता टोपीवर थेंबभर पाणी ठेवून तासाभराने सोडवा, ओढून काढलीत तर पानासकट येईल.

उजेड आणि वारा

खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो अपुरा असतो. रोप उजेडाच्या शोधात मान लांबवतं, मग ती पेलत नाही. साध्या पांढऱ्या २० वॅटच्या एलईडी ट्यूबने काम भागतं, महागडे जांभळे दिवे लागत नाहीत. मात्र ती रोपांच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर हवी आणि १४-१६ तास चालू हवी. छताला लावलेल्या ट्यूबचा काही उपयोग नाही, कारण अंतर वाढलं की उजेड झपाट्याने उतरतो. रोपं वाढतील तशी ट्यूब वर घ्या.

लांबलेला टोमॅटो वाचतो. मोठ्या पिशवीत लावताना बीजदलांपर्यंत खोल गाडा, खोडालाच मुळं फुटतात. मिरचीला तेवढी मुळं फुटत नाहीत, तिथे पुन्हा बी लावलेलं बरं.

वाऱ्यासाठी टेबलफॅन सगळ्यात हळू वेगावर, पानं जेमतेम हलतील इतका. त्याने माना सुकतात आणि हलण्याने खोडही जाड होतं. दिवसातून दहा-पंधरा वेळा रोपांच्या शेंड्यांवरून पुठ्ठा अलगद फिरवला तरी तोच परिणाम मिळतो, आमच्या बायका जाता-येता करतात. तळहात फिरवायचा असेल तर आधी साबणाने धुवा. तंबाखू मळणाऱ्याने तर ट्रेला हातच लावू नये: तंबाखूतला मोझॅक विषाणू हातातून टोमॅटो-मिरचीवर जातो आणि त्यावर औषध नाही. आमच्या शेडच्या दाराशी साबण आणि नळ त्यासाठीच आहे. एका मामांनी माझ्याशी त्यावरून महिनाभर अबोला धरला होता.

आता थोडा खर्च: पाणी आणि कोकोपीटमधले क्षार

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी कडा करपतायत, वाढ खुंटलीय, तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घ्या. काही शे रुपयांत येतो आणि आयुष्यभर कामी येतो.

आधी पाणी मोजा. बोअरचं पाणी आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी जड आहे, नळाच्या तोटीवर आणि ट्रेच्या कडेवर पांढरी खपली धरते. अशा पाण्याने कपातला पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) चढत जातो, लोह असूनही रोपाला मिळत नाही आणि नवीन पानं पिवळी पडतात. रोपाला साडेपाच ते साडेसहा पीएच मानवतो. फ्लॅटवाल्यांना दोन गोष्टी मुद्दाम सांगते. आरओचं वाया जाणारं पाणी साठवून झाडांना घालणं चांगली सवय आहे, पण मोठ्या झाडांना. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, बाळरोपांना ते घालू नका. दुसरं, सोसायटीत पाणी मऊ करायची यंत्रणा असेल आणि तिला मिठाच्या गोण्या लागत असतील, तर तुमच्या नळाच्या पाण्यात सोडियम आहे. आरओतून गाळलेलं पिण्याचं पाणी किंवा पावसाचं वापरा. एका ट्रेला लागतं तरी किती?

मग कोकोपीट. एक वाटी ओलं कोकोपीट, दोन वाट्या आरओचं गाळलेलं पाणी, अर्धा तास ठेवून फडक्यातून गाळा आणि मीटर बुडवा. ३०० च्या आत आला तर निर्धास्त राहा. ८०० च्या वर असेल तर ते कोकोपीट रोपांसाठी नाही, निदान आज तरी नाही. ट्रे भरलेला नसेल तर गोण्यात घालून दोन-तीनदा चांगल्या पाण्याने धुऊन निथळा. रोपं असतील तर एकदाच भरपूर पाणी वरून सोडून खालून वाहू द्या आणि मग वाफसा येईपर्यंत हात लावू नका. समुद्रकाठच्या नारळाच्या काथ्यात मुळातच मीठ असतं, धुतलेला माल म्हणून विकलेला प्रत्येक ठोकळा धुतलेला नसतो. एका वर्षी एका विक्रेत्याकडून आलेल्या गाडीभर मालात मी हे मोजलंच नाही. बारा दिवसांच्या रोपांना मी बुरशीनाशक देत राहिले आणि कडा करपतच गेल्या. मीटर बुडवला तेव्हा तो हजाराच्या पुढे गेला.

खताचंही इथेच. बीजदलांत दहा-बारा दिवसांचं जेवण असतं. पहिली खरी पानं आल्यावर १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम पुरतं, नंतर फार तर एक. "थोडं जास्त घातलं तर लवकर येतील" हा विचार कडा करपवतो.

धुतलेला ट्रे, मग औषध

गेल्या हंगामाचा ट्रे पुन्हा वापरला असेल तर पुढच्या वेळी आधी ब्रशने माती काढा, मग कपड्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग यात अर्धा तास बुडवा, धुवा, उन्हात ठेवा. माती चिकटलेली असताना ब्लीच फुकट जातं.

हळद, दालचिनी भुरभुरवल्याने नुकसान नाही आणि फारसा फायदाही मी पाहिलेला नाही. राख मात्र नको, तिने पीएच चढतो आणि आपल्याकडे तो आधीच चढलेला असतो.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, कोकोपीट भरतानाच मिसळा. तो आधी जागा धरून बसतो, रोग पसरल्यावर टाकून उपयोग नाही. विकत आणलेलं संकरित बी गुलाबी-निळ्या रंगाचं असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे, पुन्हा बीजप्रक्रिया करू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. गोल डाग पसरतोच आहे, पाणी तोडलंय, मुळं बघितलीत, तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन आळवणी करा (मुळाशी ओता), हातमोजे घालून, स्वयंपाकघराच्या बाहेर. तांब्याचा ट्रायकोडर्मालाही मार बसू शकतो, म्हणून दोन्ही एका आठवड्यात देऊ नका. कोरड्या, तारेसारख्या मानेला, म्हणजे रायझोक्टोनियाला, आणि साल सुटणाऱ्या मुळांना वेगवेगळी औषधं लागतात. तिथे दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका, आणि तीन औषधं एका बादलीत तर अजिबात नको.

इथे थांबा

पाणी तोडून, डाग काढून, एक आळवणी करूनही दोन-तीन दिवसांत ट्रेचा तिसरा हिस्सा गेला. किंवा लागोपाठ तीन वेळा पेरलं आणि तिन्ही वेळा तेच झालं. किंवा पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी, मिरचीला बोकड्या, म्हणजे पानं चुरडून आखडणं. यांतलं काहीही असेल तर घरचे प्रयोग बंद करा. विषाणू असेल तर रोप बरं होत नाही, उपटून पिशवीत घालून ट्रेपासून लांब न्यायचं. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यात टोमॅटोची फळं रंगीबेरंगी झाली, लोक त्याला "तिरंगा व्हायरस" म्हणाले, आणि नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत जाईपर्यंत प्रत्येकजण वेगळं औषध मारत होता. तपासणीत काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. फवारण्यांचे पैसे गेलेच.

एकरभर लागवड या रोपांवर अवलंबून असेल तर तिसऱ्या हिश्श्याचीही वाट बघू नका. टोमॅटोचं रोप २२ ते २५ दिवसांत आणि मिरचीचं ३५ ते ४० दिवसांत शेतात जायचं असतं, त्यात आठवडा घालवायला जागा नाही. जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठा, आमच्याकडे नारायणगावला आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत वनस्पती रोगशास्त्र विभाग आहेत. फोनवर विचारायचं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात. बी उगवलंच नाही अशी तक्रार असेल तर पाकीट, त्यावरचा लॉट क्रमांक आणि पावती घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा. प्रमाणित टोमॅटो बियाण्याची उगवण किमान ७० टक्के आणि मिरचीची ६० टक्के हवी, त्यामुळे मिरचीच्या शंभरातली पस्तीस उगवली नाहीत म्हणून भांडायला जाऊ नका.

दाखवायला नेताना नुसतं पान तोडून नेऊ नका. निम्मी आजारी, निम्मी चांगली अशी दहा-बारा रोपं कपातल्या गड्ड्यासकट वर्तमानपत्रात गुंडाळा, सोबत एका स्वच्छ बाटलीत रोपांना देता ते लिटरभर पाणी घ्या, आणि आजवर काय काय घातलं ते तारखेसह एका कागदावर लिहा, चुकाही. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून तोंड बांधलंत तर तिथे पोचेपर्यंत चांगली रोपंही सडलेली असतात, आणि आधीची सड कोणती ते कुणालाच सांगता येत नाही.